आजीची साक्ष आणि वीसपैकी नऊ गुण

पत्र

ताई, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावातून रोज बसने हायर सेकंडरीला जाते. अकरावी आर्ट्सला आहे. दहावीला गुण चांगले होते, तरी मी हट्टाने आर्ट्स घेतलं, कारण मला इतिहास आवडायचा. 'आवडायचा' असंच म्हणावं लागतंय. वर्गात सर नोट्स सांगतात, आम्ही उतरवून घेतो, घंटा होते. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते. मला सगळं मराठीत कळतं आणि इंग्रजीत लिहिताना वाक्य अर्ध्यावर अडकतं.

इतिहासाच्या प्रोजेक्टला मी आमच्या शेताची गोष्ट लिहिली. पूर्वी आम्ही भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, कूळ होतो. आजी नेहमी सांगते, "भाऊंनी जमीन दिली, तेव्हा तुझा बाबा पाळण्यात होता." बाबांचा जन्म १९७६चा. म्हणून मी लिहिलं की १९७६ साली भाऊसाहेब बांदोडकरांनी कायदा करून आम्हाला जमीन दिली. सरांनी त्या ओळीवर लाल काट मारली आणि खाली लिहिलं, 'ऐकीव माहिती. चूक. संदर्भ नाहीत.' वीसपैकी नऊ गुण. आजीला हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

आत्या म्हणते, हुशार मुलीने आर्ट्स घेणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. बाबा काही बोलत नाहीत. खाण बंद झाल्यावर त्यांनी ट्रक विकला, तेव्हापासून ते कमीच बोलतात. पण परवा म्हणाले, "कॉमर्सला बदलून मिळतं का बघ." मी बदलू का?

(नाव छापू नका.)

उत्तर

बाय, नाव छापलेलं नाही. गावही नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. या कारणासाठी बदलू नकोस. हिशेब, जमाखर्च, व्यापार यांत तुझं मन रमत असेल तर कॉमर्स उत्तम आहे आणि तसं असतं तर मी तुला अडवलं नसतं. पण तुझ्या पत्रात कॉमर्सबद्दल एक ओळही नाही. सगळं पत्र इतिहासाबद्दल आहे, आणि ज्याला कंटाळा आलाय ते माणूस असं पत्र लिहीत नाही. तुला लागलंय. लागलेलं असताना शाखा बदलू नये.

आता त्या नऊ गुणांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मी बरीच वर्षं हायर सेकंडरीला इतिहास शिकवला. त्या अनुभवावरून सांगते, सरांची काट बरोबर आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी वारले. १९७६ साली मुख्यमंत्री होत्या त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर. तेव्हा '१९७६ साली भाऊसाहेबांनी कायदा केला' हे वाक्य कुठल्याही इतिहासाच्या वहीत उभं राहू शकत नाही. हे आधी मान्य कर. प्रेमाच्या माणसाने सांगितलं म्हणून तारीख बदलत नाही.

पण सर जिथे थांबले तिथे तू थांबू नकोस. आजीचं वाक्य पुन्हा वाच. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, जमीन भाऊंनी दिली. दुसरी, तेव्हा तुझा बाबा पाळण्यात होता. या दोन्ही गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि त्या वेगळ्या करून तोलणं हेच तुझ्या विषयाचं काम आहे.

पाळण्याची गोष्ट घे. आजीने सन सांगितला नाही. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी बायका सन सांगतच नाहीत. त्या सांगतात अमक्याच्या बारशाला, तमक्या पुराच्या साली, थोरलीच्या लग्नाआधीच्या चवथीला. शिकलेली माणसं याला हसतात, पण अशी आठवण फार पक्की असते, कारण ती अंगावरून गेलेल्या घटनेला बांधलेली असते. पहिलं मूल पाळण्यात कधी होतं हे आई चुकत नाही. आता कायद्याकडे बघ. गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ची आहे. तिच्यात कसणाऱ्याचा दिवस म्हणून २० एप्रिल १९७६ ही तारीख धरली आणि त्या दिवसापासून कूळ हे कसत असलेल्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. म्हणजे सनाच्या बाबतीत तुझी आजी तंतोतंत बरोबर आहे. कुठलंही पुस्तक न उघडता तिने तुला सरकारी राजपत्रातलं वर्ष दिलं. सरांच्या एका लाल रेघेखाली ही बरोबर गोष्टही झाकली गेली.

मग भाऊ कुठून आले? हा प्रश्न तू स्वतःला विचारला असतास तर प्रोजेक्ट वेगळंच झालं असतं.

मूळ कूळ कायदा १९६४चा. डिसेंबर १९६३मध्ये गोव्याची पहिली निवडणूक झाली, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. त्या सरकारने सुरुवातीलाच हात घातलेल्या कामांत हा कायदा होता. त्याने कुळाला जमिनीचा मालक केलं नाही, पण खंडाला, म्हणजे जमिनीच्या भाड्याला, मर्यादा आली आणि भाटकाराला मनात येईल तेव्हा कुळाला शेतावरून उठवता येईना. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या 'उद्या उठ म्हणाला तर जायचं कुठे' ही धास्ती काढली, त्या घराला हा बदल किती मोठा वाटला असेल, विचार कर. आजी तेव्हा लहान होती. सासरी आल्यावर तिने सासऱ्यांच्या तोंडून जे ऐकलं असेल त्यात भाऊंचं नाव असणारच. पुढे १९७५ साली मुंडकार कायदा आला आणि भाटकाराच्या जागेत घर असलेल्याला घरातून काढण्यावर बंधन आलं. मग १९७६ची दुरुस्ती. बारा वर्षांत तीन पायऱ्या, आणि त्यांतल्या दोन भाऊ गेल्यानंतरच्या. पण पक्ष तोच, घराणं तेच, आणि आशेला पहिल्यांदा ज्याचं नाव चिकटलं तो माणूस तोच. आजीच्या मनात या तीन पायऱ्या मिळून एकच दिवस झाला आणि त्या दिवसाचं श्रेय तिने भाऊंना दिलं.

हे खोटं बोलणं नव्हे, नुसता विसरही नव्हे. गावाने एखादं श्रेय कुणाच्या पदरात टाकलं आणि का टाकलं, ही स्वतंत्र ऐतिहासिक माहिती आहे. ती राजपत्रात सापडत नाही. राजपत्र तुला दुरुस्तीचा क्रमांक देईल. डिचोलीतल्या एका कुळाच्या घरात त्या दुरुस्तीला कुणाचं नाव पडलं, हे फक्त आजी देईल. दोन्ही हाताशी असतील तेव्हाच तुझ्या प्रोजेक्टला इतिहास म्हणता येईल. माझं हे ठाम मत आहे आणि त्यासाठीच मी हे उत्तर एवढं लांबवते आहे.

तेव्हा प्रोजेक्ट पुन्हा लिही. गुणांसाठी नाही लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

आजीला पुन्हा बसव. या वेळी 'जमीन कधी मिळाली' असं विचारू नकोस. विचार की मळणीच्या दिवशी भाटकाराचा माणूस येऊन कुठे बसायचा. माप कोण धरायचं, कुडव (धान्य मोजायचं भांडं) कुणाचा असायचा, किती खंडी जायचं आणि घरात किती उरायचं. सरद (पावसाळी) शेताचा खंड वेगळा होता का आणि वायंगणाचा (पावसाळ्यानंतरच्या पिकाचा) वेगळा का. भाटकाराच्या घरी फुकट कामाला जावं लागायचं का, चवथीला भाजी-फळं पोचवावी लागायची का. आणि हे सगळं कुठल्या वर्षापासून थांबलं, म्हणजे तेव्हा घरात कोण जन्मलं होतं, कोण गेलं होतं. माणसाला हातांनी केलेलं काम आठवतं, कायद्याचं नाव आठवत नाही. ती बोलेल तसं, तिच्याच शब्दांत उतरव. दिवस-तारीख घाल, तिचं वय घाल. 'आजीची मुलाखत, अमुक तारखेला, घरी' असं लिहिलं की तोच एक संदर्भ होतो. सरांनी 'ऐकीव' म्हटलं कारण कुणाकडून, केव्हा, कसं ऐकलं हे तू लिहिलं नव्हतंस.

मग कागद. घरी जुन्या ट्रंकेत खंडाच्या पावत्या आहेत का बघ. कुळाला जमीन खरेदी झाल्याची मामलेदाराने दिलेली सनद आहे का बघ. नसेल तर तेही महत्त्वाचं आहे. पाचव्या दुरुस्तीने कूळ मालक मानलं गेलं खरं, पण किंमत ठरवून, ती भरून, सनद हातात पडेपर्यंतचा रस्ता लांब होता. भाटकार न्यायालयात गेले, आणि गोव्यात कितीतरी घरांचे दावे वर्षानुवर्षं मामलेदार कचेरीत पडून राहिले. 'जमीन दिली' आणि 'जमीन नावावर झाली' यांच्यामध्ये तुमच्या घराची किती वर्षं गेली, हे शोधलंस तर ते कुठल्याही तयार नोट्समध्ये नसलेलं ज्ञान असेल.

शेताचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, काढ. त्यात कब्जेदाराचा रकाना असतो आणि कुळाचाही असतो. कुळाच्या जागी बहुतेक पणजोबांचं नाव दिसेल. लावणी, बेणणी, कापणी यांत सगळा जन्म घालवलेल्या बायकांची नावं त्या रकान्यात क्वचितच असतात. तुमच्या वाड्यावर दुसऱ्याच्या शेतात फक्त मजुरीने राबणारी घरंही असतील. त्यांना त्या कायद्याने काय मिळालं, हे त्यांच्या दारात जाऊन विचार. आणि जमलं तर भाटकाराच्या घरच्या कुणाशी तरी बोल. ते काय गमावलं म्हणतात, कसं सांगतात, तेही उतरव. तुला ते पटलंच पाहिजे असं नाही, पण एकाच बाजूची साक्ष घेऊन निकाल देऊ नये.

छापील पुरावा हवा तर पणजीला जा. पाटोवरचं कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालय कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची. गोव्याच्या इतिहासाची पुस्तकं तिथे वेगळी ठेवलेली आहेत. तिथल्या माणसांना १९७६च्या एप्रिल-मे महिन्यांतली मराठी वर्तमानपत्रं बघायला माग. 'गोमन्तक' १९६२पासून निघतंय, 'नवप्रभा' १९७०पासून. त्या दिवसांत कुळांबद्दल काय छापून आलं, पहिल्या पानावर होतं की आतल्या, भाऊंचं नाव त्यात येतं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. जुनी राजपत्रं सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरही बघायला मिळतात.

गोव्याची गावकरी (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी व्यवस्था), तिच्या जमिनी आणि त्यांवरचे हक्क यांवर दामोदर कोसंबी यांनी लिहून ठेवलंय. हा माणूस गोव्यात जन्मला, गणितात नाव काढलं आणि इतिहास लिहिताना पायी हिंडला, खेड्यातल्या माणसांशी बोलला, दगड-देव-वाटा बघत गेला. गोवा विद्यापीठातल्या समाजशास्त्रांच्या विभागाला आज त्यांचं नाव आहे. तू आजीसमोर वही घेऊन बसशील तेव्हा कुठलंही हलकं काम करत नसशील.

आता वर्गाबद्दल. नोट्स सांगून लिहून घेणं मला कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण सरांसमोर मोठा वर्ग आहे, पोर्शन संपवायचा आहे आणि मुलांचे पालकही 'नोट्स दिल्या का' एवढंच विचारतात. तू त्या नोट्स घे, परीक्षेला त्या लागतात. फक्त समासात दर पानाला तुझा एक प्रश्न लिहीत जा. उदाहरणार्थ, नोट्समध्ये येईल की १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि विलीनीकरणाच्या विरोधात ३४,०२१ मतं जास्त पडली. हे पाठ कर. समासात लिही: आमच्या गावात फुलावर शिक्के जास्त पडले की दोन पानांवर, आणि का? फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश. आजी तेव्हा मतदानाच्या वयाची नव्हती, पण घरात काय बोललं जायचं ते तिला आठवत असेल. आपल्या मराठी बोलणाऱ्या घरांत या विषयावर अजून आवाज चढतात. चढू देत. तू दोन्ही बाजू लिहून घे. तास संपल्यावर महिन्यातून एखादा प्रश्न घेऊन सरांकडे जा. वर्गासमोर विचारलेला प्रश्न काही शिक्षकांना आव्हान वाटतो, स्टाफरूमच्या दारात विचारलेला सहसा वाटत नाही.

इंग्रजीचं दुखणं तुझ्या एकटीचं नाही. पाचवीपासून माध्यम बदललेल्या गोव्यातल्या हजारो मुलांचं ते आहे, आणि त्याचा हुशारीशी संबंध नाही. उत्तर आधी मराठीत, चारपाच ओळींत, 'मला काय म्हणायचंय' एवढंच लिही. मग इंग्रजीत लहान वाक्यं कर. एका वाक्यात एकच गोष्ट. नोट्समधली लांबलचक वाक्यं तशीच उतरवायला गेलीस की अर्ध्यावर अडकणारच. आणि मराठी हा विषय घेतला असशील तर त्याला दुय्यम समजू नकोस. मुद्दा मांडायची सवय तिथे लागते.

आत्याला उत्तर देत बसू नकोस.

बाबांना मात्र द्यायला हवं, आणि नीट द्यायला हवं. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढे त्या थोड्या सुरू झाल्या तोवर सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवले आणि मार्च २०१८मध्ये काम पुन्हा बंद पडलं. डिचोलीत ज्यांचे ट्रक होते त्यांच्या दारात बँकेचे हप्ते उभे राहिले. ज्या माणसाने कर्ज काढून घेतलेलं साधन विकलंय, त्याला मुलीसाठी खात्रीची वाट हवी असणं अगदी साहजिक आहे. 'कॉमर्सला बदलून मिळतं का बघ' यात तुझ्याबद्दल अविश्वास नाही, भीती आहे. भीतीशी वाद घालून उपयोग नसतो, तिला माहिती द्यावी लागते.

ती माहिती अशी. डॉक्टरकी, इंजिनियरिंग, बीएस्सी नर्सिंग यांची दारं आर्ट्सने बंद होतात, हे त्यांना सरळ सांग. पण बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला आर्ट्सची मुलगी जाऊ शकते, आणि त्यासाठी मिरामारला व मडगावला महाविद्यालयं आहेत. जमिनीच्या दाव्यांत कुळांची बाजू समजणारे वकील या राज्याला पुढची कित्येक वर्षं लागणार आहेत. बीए करून बीएड करता येतं, समाजकार्य, मानसशास्त्र, पत्रकारिता यांत जाता येतं. भूगोल घेऊन नकाशे आणि उपग्रहाच्या चित्रांवरचं काम शिकता येतं. गोवा लोकसेवा आयोगाच्या किंवा यूपीएससीच्या स्पर्धा परीक्षांना पदवी लागते, शाखा कुठलीही चालते, आणि त्यांत इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र यांचा भाग मोठा असतो. नोकरी आपोआप मिळेल असं मात्र कबूल करू नकोस. ती कॉमर्सनेही आपोआप मिळत नाही. आर्ट्सच्या मुलीला स्वतःच्या वाटेची चौकशी थोडी आधीपासून करावी लागते, बाकी कॉम्प्युटर आणि इंग्रजी दोघींनाही लागतं.

एवढं करून वर्षअखेरीस तुला वाटलं की नाही, हे माझं नव्हे, तर तेव्हा प्राचार्यांना भेटून काय करता येतं ते विचार. तेव्हाचा निर्णय लाल शाईमुळे घेतलेला नसेल.

आजीला नऊ गुणांचं सांग. 'तू सांगितलेलं वर्ष बरोबर निघालं, पण तेव्हा भाऊ नव्हते, शशिकलाताई होत्या' हेही सांग, आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिहून घे. ती चिडेल, नाहीतर 'गो बाय, ताई म्हणजे भाऊंचीच ना' म्हणेल. काही का असेना, तुझ्या प्रोजेक्टचं सगळ्यात महत्त्वाचं पान ते असेल.

सरांकडे जाशील तेव्हा गुण वाढवून मागू नकोस. काट मान्य आहे असं आधी सांग, मग वर्ष बरोबर होतं हे दाखव आणि सुधारलेला मजकूर वाचाल का एवढं विचार. आणि एक-चौदा काढायला बाबांना बरोबर घे. सर्व्हे नंबर त्यांना माहीत असेल, शेताच्या मेरा तर नक्कीच.